जखमेच्या अभावाचे गणित

उत्तर कोलकात्यात, हुगळीच्या काठी वसलेल्या बागबाजारात एका गल्लीचे नाव आजही ‘मराठा डिच लेन’ असे आहे. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांनी बंगाल हादरला, तेव्हा १७४२ मध्ये शहराच्या रक्षणासाठी जो खंदक खोदायला घेतला, त्याचे एक टोक येथे होते. मराठे कोलकात्यापर्यंत आलेच नाहीत. खंदक अपुरा राहिला आणि पुढे १७९९ मध्ये त्याचा बराचसा भाग बुजवून त्यावर रस्ता झाला. मागे राहिले ते गल्लीचे नाव, बर्गी आल्याची भीती घालून मुलांना निजवणारे एक अंगाईगीत आणि गंगाराम नावाच्या कवीने १७५१ च्या सुमारास बंगालीत रचलेले ‘महाराष्ट्र पुराण’. या पुराणात स्वारांनी गावोगावच्या स्त्रियांवर केलेल्या बलात्कारांचे वर्णन आहे. अटकेपार गेलेले झेंडे मराठी वाचकाला पाठ असतात. हे पुराण त्याच्या वाचनात सहसा येत नाही. मात्र त्या पुराणातही स्त्रिया स्वतः बोलत नाहीत, त्यांच्याविषयी एक कवी बोलतो. त्यांतल्या किती जगल्या, कशा जगल्या, घरच्यांनी त्यांना उंबऱ्याच्या आत घेतले की नाही, याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

या गल्लीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, कालव्यापलीकडे, आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालय आहे. ९ ऑगस्ट २०२४ रोजी तेथील सभागृहात एका ३१ वर्षीय पदव्युत्तर विद्यार्थिनी डॉक्टरचा मृतदेह सापडला. रात्रपाळीत असताना तिच्यावर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला होता. १४ ऑगस्टच्या मध्यरात्री बंगालभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि श्यामबाजारचा पाच रस्त्यांचा चौक पुढे कित्येक रात्री जागा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. १८ जानेवारी २०२५ रोजी सियालदह येथील न्यायालयाने आरोपीला दोषी ठरवले आणि दोन दिवसांनी त्याला जन्मठेप सुनावली. तपासातील ढिलाई, पुराव्यांची हाताळणी, एकच गुन्हेगार की अनेक, या मुद्द्यांवर पुष्कळ वाद झाले आणि ते अजून शमलेले नाहीत. परंतु शवविच्छेदनानंतर एका प्रश्नावर मात्र वाद झाला नाही, तो म्हणजे अत्याचार झाला की नाही. तिच्या अंगावर जखमा होत्या आणि ती जिवंत नव्हती. एवढ्या दोन गोष्टी समाजाला पुरल्या.

त्याच शहरात बारा वर्षे आधी काय घडले होते, हे यासोबत आठवावे लागते. फेब्रुवारी २०१२ मध्ये पार्क स्ट्रीट येथून निघालेल्या मोटारीत सुझेट जॉर्डन यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्या जगल्या आणि काही दिवसांनी पोलिसांकडे गेल्या. मग प्रश्न सुरू झाले: दोन मुलींची आई रात्री नाइटक्लबमध्ये कशाला गेली, अनोळखी माणसाच्या गाडीत का बसली, तक्रार करायला इतके दिवस का लावले? राज्याच्या मुख्यमंत्र्यांनीच हा प्रकार रचलेला असल्याचे जाहीरपणे म्हटले. २०१३ मध्ये सुझेट यांनी आपले नाव आणि चेहरा स्वतःहून लोकांसमोर आणला; लपण्याचे कारण आपल्याकडे नाही, ही त्यांची भूमिका होती. मार्च २०१५ मध्ये आजारपणात त्या वारल्या. न्यायालयाने तीन आरोपींना दोषी ठरवले ते त्याच वर्षीच्या डिसेंबरात. आपण खोटे बोललो नव्हतो, हे न्यायालयाच्या तोंडून ऐकायला त्या उरल्या नाहीत.

मेलेलीवर विश्वास आणि जगलेलीवर संशय, या व्यवहाराचे मूळ केवळ नीतिमत्तेत शोधून भागणार नाही. त्यात मोजमापाची एक चूक दडलेली आहे आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ती मोजमापाची चूक म्हणूनच तपासली पाहिजे.

या चुकीचे सर्वांत स्पष्ट उदाहरण महाराष्ट्रातले आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार झाली. देसाईगंज आज गडचिरोली जिल्ह्यात आहे, तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होते. मुलीचे वय चौदा ते सोळा वर्षे, आरोपी पोलीस हवालदार आणि शिपाई. सत्र न्यायालयाने तिला शरीरसंबंधांची सवय असल्याचे कारण पुढे करून आरोपींना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये तो निकाल फिरवला. भीतीपोटी मुकाट्याने सहन करणे आणि संमती देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या निकालाचे सार होते. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोघांना निर्दोष ठरवले. तर्क असा, की तिच्या शरीरावर जखमेची खूण नाही, म्हणजे तिने प्रतिकार केलेला नाही, म्हणजे जे घडले ते शांतपणे घडले.

उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायदा-अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून देशव्यापी चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात, संबंध झाल्याचे सिद्ध झाले आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर संमती नव्हती असेच गृहीत धरावे, अशी तरतूद आली. ही हकिकत स्त्री चळवळीच्या इतिहासात सन्मानाने सांगितली जाते. विज्ञानाच्या इतिहासात तिला जागा नाही. वास्तविक ती असायला हवी. कारण सर्वोच्च न्यायालय ते अनुमान काढत होते, तेव्हा त्याला छेद देणारे निरीक्षण चार वर्षांपूर्वीच प्रसिद्ध झालेले होते.

अ‍ॅन बर्जेस या मनोविकार परिचारिका आणि लिंडा होमस्ट्रॉम या समाजशास्त्रज्ञ. बॉस्टन सिटी हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागात येणाऱ्या बलात्कारपीडितांना दोघी भेटत राहिल्या आणि त्यांपैकी ९२ प्रौढ स्त्रियांच्या नोंदींवरून त्यांनी १९७४ मध्ये आपला निबंध लिहिला. पहिल्या काही तासांत या स्त्रिया कशा वागतात, हे त्यांनी टिपले. साधारण निम्म्या स्त्रिया रडत, थरथरत, भेदरलेल्या होत्या. उरलेल्या निम्म्या शांत होत्या: आवाज स्थिर, चेहरा कोरा, उत्तरे मोजकी. म्हणजे बलात्कार झालेली स्त्री ‘कशी दिसते’ याविषयी ठाण्यात, घरात आणि न्यायालयात जे चित्र मनात धरले जाते, ते निम्म्या वेळा चुकते. निम्म्या वेळा चुकणाऱ्या उपकरणाला प्रयोगशाळेत कोणी उपकरण म्हणत नाही.

आता प्रतिकाराचा प्रश्न. ‘हात नव्हते का तिला? ओरडता आले नाही का?’ असे विचारणारा माणूस बहुधा असे धरून चालतो, की धोका समोर आला की प्राणी एक तर लढतो, नाही तर पळतो. प्राणिशास्त्राला तिसरी प्रतिक्रिया शतकानुशतके ठाऊक आहे. सतराव्या शतकात अथानासियुस किर्खर या जेझुइट पंडिताने कोंबडीला जमिनीवर दाबून धरून ती कशी निश्चल होते, हे लिहून ठेवले होते. कोंबड्या, ससे, शार्क अशा कितीतरी प्राण्यांत हा प्रकार दिसतो. सुटकेची वाट बंद झाली की शरीर ताठर होते, आवाज बंद पडतो, स्पर्शाला प्रतिसाद उरत नाही. जाणीव मात्र बहुधा शाबूत असते. शास्त्रीय परिभाषेत याला टॉनिक इमोबिलिटी म्हणतात. मराठीत अनैच्छिक निश्चलता म्हणता येईल. मध्यमेंदूतील चेतापेशींचे एक प्राचीन जाळे ही क्रिया घडवते, असे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसते. येथे इच्छाशक्तीला विचारले जात नाही. फटाका वाजला की पापणी मिटते, तेव्हाही ती विचारली जात नाही.

माणसांत हे किती आढळते? स्टॉकहोममध्ये बलात्कारपीडित स्त्रियांसाठी एक आपत्कालीन दवाखाना आहे. अत्याचारानंतर महिनाभराच्या आत तेथे आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास अ‍ॅना मोलर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. ७० टक्के स्त्रियांनी प्रसंगाच्या वेळी लक्षणीय निश्चलता अनुभवली होती, ४८ टक्क्यांनी अतितीव्र. ज्या गोठल्या होत्या, त्यांच्यात सहा महिन्यांनी आघातोत्तर ताणविकार म्हणजे पीटीएसडी असण्याचे गुणोत्तर पावणेतीन पट, तर तीव्र नैराश्याचे सुमारे साडेतीन पट भरले. या अभ्यासाला मर्यादा आहेत, त्या विद्यार्थ्यांनी जरूर ध्यानात घ्याव्यात: निश्चलतेची नोंद नंतर विचारलेल्या प्रश्नावलीवरून झाली, आणि दवाखान्यात येणाऱ्या स्त्रिया हा सर्व पीडितांचा यादृच्छिक नमुना नव्हे. तरीही आकडा इतका मोठा आहे, की गोठणे हा अपवाद आहे असे म्हणण्याची सोय राहत नाही. २०२३ मध्ये लंडनच्या एबानी धवन आणि पॅट्रिक हॅगार्ड यांनी ‘नेचर ह्यूमन बिहेविअर’मध्ये हाच मुद्दा कायद्याच्या अंगाने मांडला. भीतीने ऐच्छिक हालचालींचे मार्गच रोखले जात असतील, तर हालचाल न केल्याचा दोष त्या व्यक्तीवर कसा ठेवणार, असा त्यांचा सवाल आहे.

या आकडेवारीचा क्रूर भाग पुन्हा वाचण्यासारखा आहे. जी स्त्री गोठते तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा कमी असण्याचा संभव जास्त, आणि पुढे तिचेच मन अधिक खोल आजारी पडण्याचा संभवही जास्त. म्हणजे जखम शोधणारी पद्धत नेमक्या तिलाच खोटे ठरवते, जिला मदतीची गरज सर्वाधिक असू शकते.

भौतिकशास्त्रात कोणतेही उपकरण हाती घेतले की पहिला प्रश्न त्याच्या कार्यक्षमतेचा असतो: समोरून शंभर कण गेले, तर याला किती दिसतील? १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची नोंद झाली. प्रत्येक क्षणी त्या खाणीतून असंख्य न्यूट्रिनो आरपार जात होते. उपकरणात उमटले ते मोजके. उरलेले आलेच नाहीत, असे तेथे कोणी म्हटले नाही. जखमेचीही कार्यक्षमता ठाऊक आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की बळजबरीच्या घटनांपैकी सुमारे एक तृतीयांश घटनांतच जखमा आढळतात. आता साधा हिशेब करून पाहावा. समजा, न्यायाधीशाचे मन सुरुवातीला अगदी मध्यावर आहे, ५० टक्के इकडे, ५० टक्के तिकडे. अत्याचार झालेल्या शंभर जणींत ६७ जणींच्या अंगावर जखम नसते; अत्याचार न झालेल्या शंभर जणींत, सोयीसाठी, शंभरही जणींच्या अंगावर नसते असे धरू. जखम नाही हे कळल्यावर मनाने किती सरकावे? ६७ भागिले १६७, म्हणजे ५० वरून ४० टक्क्यांवर. दहा अंशांचे हे सरकणे मथुरेच्या खटल्यात पार शून्यापर्यंत गेले. हा गुणाकार-भागाकार अकरावीच्या मुलांना येतो.

याच गणिताची दुसरी बाजूही तितक्याच स्वच्छपणे सांगितली पाहिजे, नाही तर तो प्रचार होईल. गोठलेली होती, हा अत्याचाराचा पुरावा नव्हे. शांत असणे, विस्कळीत बोलणे, उशिरा तक्रार करणे, यांतले काहीच स्वतंत्रपणे गुन्हा सिद्ध करत नाही, आणि आरोपी दोषी ठरेपर्यंत निर्दोष आहे हे तत्त्व जसेच्या तसे राहते. विज्ञान येथे फक्त एक खोटे माप काढून घेते. त्या जागी दुसरे खोटे माप ठेवण्याचा मोह आता काही उत्साही मंडळींना होतो. आघाताच्या आठवणी नेहमी तुकड्यातुकड्यांतच येतात, असे सरसकट विधान ते करतात. त्याविषयी मानसशास्त्रज्ञांत खरोखर मतभेद आहेत. पिढ्यानपिढ्यांचा आघात जनुकांवर कोरला जातो आणि वारसाने पुढे जातो, ही कल्पना तर आणखी कच्च्या पायावर उभी आहे. बंगालच्या अंगाईगीताचे स्पष्टीकरण देण्यासाठी आजी पुरेशी आहे, जनुकाची गरज नाही. आठवणीविषयी सावधपणे इतके म्हणता येते, की प्रचंड ताणात मन जिवाशी भिडलेला तपशील घट्ट धरते आणि भोवतालचा सोडून देते. हत्याराचे पाते आठवते, भिंतीचा रंग आठवत नाही. उलटतपासणीत मात्र भिंतीचा रंगच विचारला जातो.

कायद्याच्या पुस्तकात ही समज बरीच उतरली आहे. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती मानता येणार नाही, हे २०१३ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते आहे. तरी २०२० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एका जामीन आदेशात, घटनेनंतर थकून झोप लागल्याचे सांगणाऱ्या तक्रारदार स्त्रीविषयी, भारतीय स्त्री अशी वागत नसते अशा आशयाचा शेरा आलाच. टीका झाल्यावर तो वगळण्यात आला. शेरा वगळता येतो. तो सुचवणारी समजूत शाळा-महाविद्यालयांतून तयार होऊन आलेली असते.

ती कोठे तयार होते, याचे एक उत्तर वैद्यकाच्या वर्गात सापडते. मथुरेला ‘सवय’ असल्याचा निष्कर्ष ज्या तपासणीच्या परंपरेतून आला, ती दोन बोटांची चाचणी अशास्त्रीय आणि अवमानकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये सांगितले. त्याही आधी, २०१० मध्ये, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यकाचे अध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी अशा तपासण्यांच्या दर्जाविषयी सविस्तर अहवाल लिहिला होता. त्यांच्याच पाठपुराव्यामुळे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये ‘कौमार्याची लक्षणे’ अभ्यासक्रमातून काढली. आणि ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस, आर. जी. करच्या घटनेने रस्ते पेटलेले असताना, राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात कौमार्याचा विषय पुन्हा अवतरला. गदारोळ झाला आणि आठवड्याभरात तो अभ्यासक्रम मागे घेतला गेला. एकीकडे एका तरुण डॉक्टरसाठी देश मेणबत्त्या लावत होता, दुसरीकडे पुढच्या डॉक्टरांना काय शिकवायचे याचा कागद हा असा तयार होत होता. या विसंगतीवर वृत्तपत्रांतून जेवढे लिहिले जायला हवे होते, तेवढे लिहिले गेले नाही.

२० ऑगस्ट २०२४ च्या सुनावणीत सरन्यायाधीशांनी मुंबईच्या अरुणा शानबाग यांचे नाव घेतले. के.ई.एम. रुग्णालयाच्या या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथल्याच सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला आणि पुढची ४२ वर्षे, १८ मे २०१५ पर्यंत, त्या त्याच रुग्णालयात पडून राहिल्या. सहकारी परिचारिकांच्या एकामागून एक तुकड्यांनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले. त्यांच्याविषयी दयामरणाची चर्चा पुष्कळ झाली. ज्याची चर्चा कमी झाली ते असे, की त्या माणसावर दरोडा आणि खुनाचा प्रयत्न एवढेच आरोप चालले. लैंगिक अत्याचाराचा आरोप ठेवलाच गेला नाही. सात वर्षांची शिक्षा भोगून तो बाहेर पडला. जखम होती, शरीर होते, रुग्णालयाचे आवार होते. तरी अत्याचार कागदावर आला नाही, कारण तो कागदावर आणणे कोणाला सोयीचे वाटले नाही.

आर. जी. करनंतर ज्या मागण्या झाल्या त्या कॅमेरे, पहारे, विश्रांतीच्या खोल्या आणि फाशी यांभोवती फिरल्या. पहिल्या तीन गरजेच्याच आहेत. पश्चिम बंगाल विधानसभेने सप्टेंबरात मंजूर केलेले ‘अपराजिता’ विधेयकही मुख्यत्वे शिक्षा कठोर करणारे होते. त्या गोंगाटात जिवंत राहिलेल्यांसाठी काय, हा प्रश्न कोणाच्या फलकावर क्वचितच दिसला. वस्तुतः कायद्याने प्रत्येक रुग्णालयावर, खासगी रुग्णालयावरही, पीडितेला तत्काळ आणि विनामूल्य उपचार देण्याचे बंधन आहे. आधी पोलीस तक्रार आणा असे म्हणता येत नाही. एचआयव्हीचा संसर्ग रोखणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, म्हणून त्या पहिल्या तासांत दारावर कोण भेटते आणि काय बोलते याला औषधाइतकेच महत्त्व आहे. मुंबईत सेहत या संस्थेने २००८ पासून महापालिकेच्या रुग्णालयांत नेमके हेच काम उभे केले: संमती विचारून तपासणी, नीट नोंद, सोबत समुपदेशन.

मनाच्या आजारालाही उपचार आहेत, ही गोष्ट तर सुशिक्षितांनाही माहीत नसते. ‘आयुष्य उद्ध्वस्त झाले’ हे वाक्य सहानुभूतीने उच्चारले जाते आणि ऐकणारीला ते जन्मठेपेसारखे लागते. अमेरिकेत १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, घटनेनंतर साधारण दोन आठवड्यांनी ९४ टक्के स्त्रियांत आघातोत्तर विकाराची लक्षणे होती. तीन महिन्यांनी ती ४७ टक्क्यांत उरली. म्हणजे निम्म्या जणी काळाच्या ओघात सावरू लागतात आणि उरलेल्यांना उपचार लागतात. ते उपचार महागड्या शहरी दवाखान्यांपुरते आहेत, हाही गैरसमज. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, युद्धाने होरपळलेल्या पूर्व काँगोच्या खेड्यांत, गावपातळीवरच्या प्रशिक्षित साहाय्यकांनी लैंगिक हिंसेतून वाचलेल्या स्त्रियांवर गटाने बोधनात्मक उपचार केले. त्यांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. तरी लक्षणे स्पष्टपणे घटली आणि सहा महिन्यांनंतरही सुधारणा टिकून होती. गडचिरोलीत हे का होऊ नये, याचे वैज्ञानिक कारण एकही नाही.

अडचण दारापर्यंत येण्याची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्क्यांनी कोणाकडे मदत मागितली नव्हती आणि कोणाला सांगितलेही नव्हते. स्टॉकहोमच्या दवाखान्यात २९८ जणी आल्या, सहा महिन्यांनी तपासणीला पुन्हा आल्या त्या १८९. संशोधकांनी त्यांची स्थिती आकड्यांत मांडली: ३८ टक्क्यांना आघातोत्तर विकार, २२ टक्क्यांना तीव्र नैराश्य. उरलेल्या १०९ जणी कोष्टकाच्या त्या स्तंभात नाहीत.